सावरमाथ्याचा दोर

पंचफुलामावशीनं माझ्यासाठी दोर धरला होता. कुठं, कसा, ते पुढं येईलच. पण नाव आधी लिहून ठेवते. गोष्ट सांगायला बसलं की गोष्ट पुढं पळते आणि माणूस मागं राहून जातं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. मावशी म्हणते खरी, पण ती माझ्या आईची बहीण नाही, नात्यातली नाही, आमच्या समाजातलीही नाही. आमच्या घराच्या मागं तिचं घर, मधे मातीची बुटकी भिंत. त्या भिंतीवरून भाजीची वाटी इकडून तिकडं जायची, आणि भांडणंही जायची. तेवढंच नातं. तरी आज मी आहे आणि माझी मुलगी प्रज्ञा आहे, ती त्या बाईमुळं, असं मी धरून चालते. धरून चालते म्हणाले, कारण ते खरंच तसं आहे की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. माझी सगळी रुखरुख तिथंच आहे.

गेल्या आठवड्यात एका सकाळी भावाचा फोन आला होता. मी सुरतेत साड्यांच्या घड्या घालण्याच्या कामावर जाते, निघायची घाई होती, म्हणून एका कानाला फोन आणि दुसऱ्या हातानं डबा भरणं चाललं होतं. तो म्हणाला, सीतादही झालं, वेचणी लागली. आमच्याकडं कापसाची पहिली बोंडं फुटली की बाया पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, दहीभात शिंपडतात, झाडाला झाड सुतानं बांधतात, हात जोडतात आणि मगच पहिला वेचा काढतात. ते सीतादही. मला एकदम पहाटेचा गारवा आठवला, दवानं जड झालेला कापूस, ओल्या लुगड्याचा पिंढऱ्यांना होणारा स्पर्श. आणि मग भाऊ सहज बोलावं तसं बोलून गेला, की पंचफुलामावशी यंदा वेचायला नाही. तिचा उजवा हात आता उघडतच नाही म्हणते. घरीच बसून राहते.

डब्याचं झाकण लावायचं राहिलं. दुपारी डबा उघडला तर वरण पिशवीत.

दिवसभर घड्या घातल्या. इथली साडी पाण्यासारखी, बोटांतून निसटते, हाताला काहीच कळत नाही. कापूस तसा नाही. बोंडाच्या टरफलाला टोकं असतात, ती नखांच्या मुळाशी टोचतात, दिवाळीपर्यंत बोटं फणसासारखी होतात. पाचही बोटं एकदम बोंडात घालून, पिळा न देता, एका ओढीत कापूस काढायचा असतो. मिटलेल्या हाताचं ते काम नाही. ज्या बाईनं जन्मभर दुसरं काही केलं नाही, ती आता ओसरीवर बसून बाकीच्या बाया वावराकडं जाताना पाहत असेल. तिच्या दारावरूनच वाट आहे. तिला पाहावंच लागत असेल.

तो हात माझ्या वेळी गेला.

सावरमाथा म्हणजे माळपठाराच्या कडेवर चढून बसलेलं एक गाव. महागावहून उमरखेडकडं जाताना खिडकीतून मान वाकडी करून पाहिलं तर टेकडीच्या डोक्यावर थोडी घरं आणि एक सावरीचं झाड दिसतं. बस. एस.टी. पायथ्याला उतरवून द्यायची, पुढं आपले पाय. आमच्या बोलण्यात पूर्व-पश्चिम नव्हतीच, वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा. बाजार खाली, दवाखाना खाली, कचेरी खाली, पोरी दिल्या त्या खाली. चौथीपर्यंतची शाळा तेवढी वर. पुढं मी सातवीपर्यंत खाली उतरून शिकले. मग आईचे गुडघे गेले आणि पाणी भरायला मी वर राहिले. शाळा सोड असं मला कुणी म्हणालं नाही. आज नको, उद्या जा, असं करता करता सुटली.

पाहुणा पायथ्याला उतरला की वरून दिसायचा. चेहरा नाही, चाल दिसायची, आणि चालीवरून गाव माणूस ओळखायचं. तो अर्धा चढ येईस्तोवर इकडं चहाचं आधण तयार आणि हा कायले आला असन याची चर्चाही पूर्ण. लपून कुणाला येता यायचं नाही आणि रागानं कुणाला जाताही यायचं नाही. दौलतकाका एकदा भावाशी भांडून, या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन निघाले. सगळं गाव कडेवर उभं राहून बघत होतं. पण उतरायला वेळ लागतो, आणि राग काही तेवढा वेळ टिकत नाही. पहिल्या वळणावर काकांची चाल मंदावली, दुसऱ्या वळणावर त्यांनी पेटी टेकवली. तेव्हा वरून त्यांचाच भाऊ हाका मारून म्हणाला, की चाललेच आहा तं वापस येताना बिडीबंडल आणजा. दिवस बुडायच्या आत काका बिडीबंडल घेऊन वर.

हे वाचून गाव फार गोड वाटेल, म्हणून हेही लिहिते. वरच्या एकुलत्या एक विहिरीवर आमच्या घराचा हंडा शेवटी लागायचा. कुणी तोंडानं बोलायचं नाही. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबा कुणाच्या पाया पडत नव्हते, आणि गावाला ते पटलेलंही होतं नि पटलेलंही नव्हतं. आम्ही रांगेत उभे राहिलो तर रांग आमच्यापुढं वाढत जायची, एवढंच. लहानपणी मला वाटायचं, रांग अशीच असते.

पण दोराला कुणाचा हात लागला हे मात्र त्या गावात कुणी कधी पाहिलं नाही.

दोर म्हणजे काय ते नीट सांगते. आमच्याकडं म्हणत, गाडी चढताना बैलांची परीक्षा, उतरताना गावाची. कापसानं भरलेली बैलगाडी उतारावर आली की सगळा भार पुढं लोटतो. जू बैलांच्या मानेवरून शिंगांकडं सरकतं, गाडी मागून त्यांच्या अंगावर येते, आणि एकदा का बैल बिचकले की गाडी, बैल, कापूस सगळं दरीत. म्हणून गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाला जाड दोर बांधायचा आणि माणसांनी तो मागं ओढून धरत, टाच रोवत, गाडीमागं पायथ्यापर्यंत जायचं. कुणाची गाडी हे विचारायचं नाही. ‘गाडी उतरून राह्यली’ एवढी हाक आली की हातातलं काम ठेवून जायचं. काकू पोळी तव्यावर ठेवून गेलेली मी पाहिलीय. एकमेकांशी बोलणं बंद असलेले दोघे भाऊ एका दोराला मागंपुढं पाहिलेत. दोराला असताना बोलायचे, पायथ्याला पोचले की पुन्हा बंद.

त्यातही एक पद्धत होती. गाडीला सगळ्यांत जवळ जो उभा राहील तो ‘पहिला हात’. बाकीच्यांनी दोर नुसता मुठीत धरायचा, पण पहिल्या हातानं मनगटावरून एक वेढा घ्यायचा, म्हणजे दोर सरकत नाही. धरा आणि सोडा हे त्यानंच सांगायचं. वेढा घेण्यात भीती नव्हती, कारण बैलगाडी कितीही लोटली तरी माणसाच्या पळण्यापेक्षा जोरात जात नाही. मावशीचा नवरा जिवंत होता तोवर पहिला हात त्याचा. तो गेल्यावर कधी हा, कधी तो. बाई कधी पहिल्या हाताला उभी राहिली नव्हती.

त्या हंगामात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. असेच वेचणीचे दिवस. खालच्या शेतांत कापूस आधी फुटतो, वर उशिरा, पण त्या साली वरही एकदम फुटला. सकाळी उठून पाहिलं की कडेपर्यंत पांढरं, आणि कडेच्या पुढं धुकं, तेही पांढरं. जमीन कुठं संपते ते कळायचं नाही. आई मला एकटीला कडेकडं जाऊ देत नव्हती. मी ओसरीवर बसून सरकी सोलल्यासारखं काहीबाही करायची. भिंतीपलीकडून मावशी दर थोड्या वेळानं विचारायची, “काहून वो, फुटलं का बोंड?” मी लाजायची. आई तिच्यावर चिडायची. दिवस भरायला अजून महिना होता, म्हणून चिडायला आणि हसायला जागा होती.

आता मी हे लिहितेय तेव्हा प्रज्ञा शेजारी अभ्यासाला बसलीय. दहावीचं वर्ष. केस मोकळे, एक पाय खुर्चीवर, तोंडात पेन. या पोरीच्या येण्याला ‘बोंड फुटणं’ म्हणून हसलो होतो आम्ही. तिला सांगितलं तर म्हणेल, मम्मी, कुछ भी.

कळा लागल्या त्या दिवशी गावात माणूस नव्हता. गडीमाणसं आदल्या दिवशीच गाड्या घेऊन महागावला गेली होती. कापसाच्या गाड्यांची रांग इतकी मोठी की मुक्काम तिथंच. वर राहिल्या बाया, पोरं आणि म्हातारे. धाकटा भाऊ, तेव्हा पोरच होता, नेटवर्क यायचं त्या खडकावर चढून फोन लावत बसला. अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. शेवटी महागावच्या स्टँडवरचा इरफान नावाचा काळीपिवळी जीपवाला तयार झाला. तो सावरमाथ्यावर पूर्वी कधी आला नव्हता. कुणाचीच जीप वर येत नव्हती. रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि त्यांच्यावर सुटा मुरूम. तो आला. हेही उपकारच, आणि तेही विसरून चालणार नाही. माथ्यावर येऊन त्यानं गाडी वळवली, खाली उतरून एकदा उताराकडं पाहिलं आणि टायरला लाथ मारून बघितली.

मला मधल्या सीटवर आडवं केलं. डोकं आईच्या मांडीवर, तोंड मागच्या बाजूला. मागची ताडपत्री वर बांधलेली होती, म्हणून मला बाहेरचं सगळं दिसत होतं. नसतं दिसलं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

मला दिसलं ते हे, की बाया जीपला दोर बांधताहेत.

कुणी ठरवलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. भरलेली गाडी उतरणार म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप दोराकडं गेले. सावरमाथ्यावरून आजवर जे जे जड खाली गेलं, ते धरून गेलं. मग ही तर पोटुशी पोर. इरफान हसला. घाबरलेला माणूस हसतो तसं. “मौसी, गाडीले ब्रेक आहे ना. बैल थोडी हाये.” त्यावर मावशी त्याला म्हणाली की तुह्या ब्रेकचं तू पाय बाबू, दोराचं आमी पायतो. आणि गाडीला सगळ्यांत जवळ जाऊन उभी राहिली. पदर खोचला. मनगटावरून दोराचा एक वेढा घेतला, नवऱ्याला घेताना पाहिला होता तसा.

तो वेढा घ्यायला नको होता. बैलगाडीला तो बरोबर, जीपला चूक. पण हे आमच्या गावात तेव्हा कुणाला माहीत असणार? बैल पाहूनच तो नियम झाला होता.

पहिलं वळण नीट गेलं. गाडी हळूहळू, मागं बायांची रांग, टाचा मुरमात, चेहरे लाल. कळ आली की माझे डोळे मिटायचे, गेली की उघडायचे, आणि प्रत्येक वेळी उघडले की मावशीचा चेहरा. ती माझ्याकडं पाहत नव्हती, चाकाकडं पाहत होती. इरफान मधेमधे ओरडून सांगत होता की दोर सोडा, पण वर वारा असतो, आमच्या गावातली माणसं म्हणूनच मोठ्यानं बोलतात. त्याचं काही मागं पोचत नव्हतं. दुसऱ्या वळणावर गाडी सरकली. सुटा मुरूम, पुढची चाकं कडेकडं गेली. आईनं माझं डोकं छातीशी धरलं. त्याच क्षणी मला मागून ओढ जाणवली. कमरेतून, खूप जोराची, कुणी तरी मला मागं खेचून घ्यावं तशी. गाडी थांबली. आणि मग इरफाननं ती सरळ केली, वळणातून निघायला वेग दिला, आणि बायांनी दोर सोडला.

पहिल्या हाताला सोडता आला नाही.

आईनं पत्रा बडवला म्हणून त्याला कळलं. तोवर मावशी पडली होती, थोडी फरपटली होती. गाडी थांबल्यावर तिनं बसल्या बसल्या डाव्या हातानं मनगटावरचा वेढा सोडवला. तळहाताकडं पाहिलंसुद्धा नाही, पदरात गुंडाळला. इरफान उतरून तिच्याकडं धावला, तर त्यालाच म्हणाली, “माह्याकडं काय पायतं? तिले पाय. जा, थांबू नको.”

मी ते चाललेल्या गाडीतून पाहिलं. ती उठून उभी राहिली, आणि लहान होत गेली.

तालुक्याच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या सुमारास प्रज्ञा झाली. बारीक होती, निळसर होती, नर्सबाईनं उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा रडली. मावशी मात्र दवाखान्यात आली नाही. हळद भरली, फडकं बांधलं, दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं वेचायला गेली. आम्ही वर आलो तोवर हात सुजून भोपळा झालेला. मग नेली, पण उशीर झाला होता. आतली शीर आखडली म्हणाले. दोन बोटं वाकडी राहिली. उरलेल्या तीन बोटांवर ती इतकी वर्षं वेचत राहिली. इतर बायांच्या मागं पडायची, पण ओळ पूर्ण केल्याशिवाय बांधावर यायची नाही. आता तीही तीन मिटली.

मावशीची आठवण इथपर्यंत सरळ आहे. पुढची वाकडी आहे.

इरफान बाळ पाहायला आला होता. बाराखडीच्या पुस्तकासारखं रंगीत झबलं घेऊन. चहा पिताना बाबांनी त्याला म्हटलं, दोर नसता तर पोर गेली असती. त्यानं बशी खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, की चाचा, ब्रेक नवेच होते, दोर नसता तरी गाडी थांबलीच असती असं मले वाटते. आणि मग, न विचारता, पुढंही बोलला. मागून ओढ बसली म्हणूनच पुढचं तोंड कडेकडं गेलं असन. सांगता येत नाही. खोटं बोलावं वाटत नाही.

आईनं चहाचा कप जोरात ठेवला. तो गेल्यावर घरात ठरलं की ही गोष्ट भिंतीपलीकडं जायची नाही. गावात तर उलटच गोष्ट चालू होती: बायांनी जीप धरली, जीप. यात्रेत खालच्या गावची माणसं मुद्दाम विचारायची की ते जीप धरणाऱ्या बायांचं गाव तुमचंच का. बाया हसायच्या, पण मान ताठ व्हायची. विहिरीवरही काही दिवस आमचा हंडा मधे लागला. काही दिवस.

मी मात्र अडकून राहिले. मला जाणवलेली ती ओढ दोराची होती की कळेची? त्या दोन्ही एकाच जागी येतात. मी कितीदा डोळे मिटून ते वळण पुन्हा उतरून पाहिलंय. कधी दोर मला वाचवतो. कधी दोरच मला कडेकडं नेतो, आणि ब्रेक वाचवतो. आणि जर ब्रेकच होते, तर मावशीचा हात कशापायी गेला? ज्या मदतीची गरज नव्हती ती मदत असते का? आणि नसेल, तर मी कुणाच्या उपकारात आहे?

असा विचार आला की माझी मलाच लाज वाटते. तरी तो येतो.

सुरतेला येऊन बरीच वर्षं झाली. इथं जमीन ताटासारखी सपाट. चढ-उतार म्हणजे फक्त पूल. रिक्षा पुलावरून उतरायला लागली की मी मागं वळून बघते. नवरा म्हणतो, काय राहिलं का? काही राहिलेलं नसतं. प्रज्ञाला सवय झालीय, ती नुसता माझा हात धरते. मी भित्री झालेय, हे मला कळतं. गॅस बंद केला का ते तीनदा बघते. पोरीला उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. इथं कुणाची चाल लांबून दिसत नाही. एकदम समोरच माणूस येतं.

रविवारी प्रज्ञाला मी ही सगळी गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण सांगितली, इरफानच्या बोलण्यासकट. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पण मम्मी, ब्रेक होते तर दोर कशाला धरला?” उद्धटपणे नाही, खरंच कळत नाही म्हणून. मी घड्या घालायचे कपडे पुढ्यात ओढले. तिनं पुन्हा वहीत डोकं घातलं. ती चूक नाही बोलली. मीही आतल्या आत हेच तर विचारत आलेय. फक्त तिच्यासारखं सरळ नाही.

मग मी बाहेर पडून मावशीला फोन लावला.

आता वर टॉवरची रेंज येते. गाव मात्र अर्धं खाली उतरलं. डांबरी रस्त्याच्या कडेला घरं बांधली, भाऊही तिथंच. मावशीचा मुलगाही खाली आहे, ये म्हणतो, ती जात नाही. फोन ती तोंडापासून हातभर लांब धरते आणि टेकडीवरून पायथ्याला हाक मारावी तशी बोलते. मला म्हणाली, आवाज ओळखूच आला नाही, गुजरात्याईनं पुरी गुजरातीन करून टाकली वाटते तुले. पोरगी किती उंच झाली विचारलं. दहावीला आहे म्हटलं, तर म्हणाली बाप्पा, म्हणजे आता तिच्यासमोर बोलाची चोरी. हाताचं विचारलं तर बोलणं फिरवलं. यंदा कापूस बरा फुटला म्हणाली. तूर बी फुलावर हाये म्हणाली. मग म्हणाली, सकाळी बाया जातेत तवा मी दार लोटून घेतो, मंग उघडतो.

त्यावर माझ्या तोंडून इतक्या वर्षांचं निघून गेलं. म्हटलं, मावशी, त्या जीपले ब्रेक होते म्हणत होता तो इरफान. दोर नसता तरी थांबली असती म्हणे.

पलीकडं वाऱ्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, मी आत्ता काय मोडून ठेवलं.

“होतेच ना बाई ब्रेक,” ती म्हणाली. “मले का दिसत नव्हते? तो पोरगा बाळ पाहाले आल्ता तवाच, तुमच्या घरी याच्या आधी माह्यापाशी सांगून गेल्ता, तू लहान्या पोरीले घेऊन झोपली होती. रडून राह्यला होता बिचारा. मीनंच त्याले चहा पाजला.”

म्हणजे तिला माहीत होतं. आम्ही भिंतीच्या अलीकडं जी गोष्ट जपून ठेवली, ती भिंतीच्या पलीकडं आमच्याआधी पोचली होती. मी विचारलं, मग तुले वाईट नाही वाटलं?

“कायचं वाईट? तू खाली जाऊन राह्यली होती, एवढ्या तरासात. अन् आमी का वर नुसत्या उभ्या राहाव? हात रिकामे ठेवून पायत राहाव? तसं नाही जमत आमाले.”

तिनं ते फार साधेपणानं सांगितलं, भाजी खारट झाली सांगावं तसं. मी फोन कानाला लावून गल्लीच्या तोंडाशी उभी होते. एवढी वर्षं मी दोराचं वजन करत बसले होते, लागला की नाही, किती लागला. तिनं ते कधी केलंच नाही. तिचा हात गेला हे तिला कळत होतं, ब्रेक होते हे कळत होतं, आणि या दोन्हींचा मेळ लावायची तिला गरज पडली नव्हती. प्रज्ञाला काय सांगायचं ते मला तेव्हा कळलं, पण ते कळल्यानं मी हलकी झाले नाही. उलट जडच झाले. गरज होती म्हणून केलेली मदत एकदा फेडून मोकळं होता येतं. ही कशी फेडायची?

मी म्हटलं, मावशी, मी येईन. तुह्यासाठी काहीतरी करीन. घाईघाईत, रडवेलं असं काहीतरी म्हटलं.

ती हसली. “येजो ना. पण फेडाले येऊ नको वो. फेडाले येतेत ते लवकर वापस जातेत.”

आणि मग तिला शेजारच्या कुणीतरी हाक मारली आणि फोन तसाच चालू राहिला. मी बराच वेळ सावरमाथ्याचा वारा ऐकत होते, एक कोंबडी, लांब कुणाची तरी बोलणी, दाराची कडी. दार उघडल्याची की लावल्याची, ते कळलं नाही.

मावशी, तुला वाचता येत नाही, भाऊ वाचून दाखवेल. यंदा मला जमणार नाही. पोरीची परीक्षा आहे, इथलं काम सोडलं तर पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही, आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटते, तुझा हात समोरून बघायची. पण मी येणार आहे. चार दिवसांची पाहुणी म्हणून नाही. एक अख्खा हंगाम, पहिल्या वेच्यापासून पऱ्हाटी उपटेपर्यंत, तुझ्या घरात राहीन. सकाळी बाया निघाल्या की आपणही निघू. तू दार लोटायचं नाहीस. तुझ्या ओळीला माझे दोन्ही हात लागतील. माझी सवय मोडलीय, मी मागं पडेन, बाया हसतील. तू बांधावर बसून मला शिव्या दे. ओळ पूर्ण केल्याशिवाय मी बांधावर येणार नाही, आणि हंगाम संपल्याशिवाय परत जायचं नाव काढणार नाही.

याला फेडणं म्हणू नको. पण मला येऊ दे.